मिनिटात न मावलेली पोर

कांद्याची पात कापल्याचा वास आला की माणसांना भूक लागते. भाकरी, ठेचा आणि बांधावर बसून बुक्कीनं फोडलेला कांदा आठवतो. मला मोबाईलमधलं स्टॉपवॉच आठवतं आणि डोकं सटकतं. दरवर्षी सटकतं. होळी झाली, उन्हं तापली, रानारानांत बायका ओळीनं बसून कांदा काढायला लागल्या की माझं घरात कुणाशी धड पटत नाही. नवरा म्हणतो, "लागला वाटतं तुझा सीझन." त्याचं खरं आहे.

परवा शाळेतून घरी निघाले होते. मी आता दौंड तालुक्यात, भांडगावच्या बाजूला एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. हायवेला लागायच्या आधी दोन्ही बाजूंनी कांद्याचे ढीग, वर वाळकी पात पांघरलेली, आणि वाऱ्याबरोबर तो वास. पर्समध्ये फोन थरथरला. स्कूटी बाजूला घेतली. मेसेज होता: 'सर्व शाळांनी वाचनगती पडताळणीची माहिती आज सायंकाळी पाचपर्यंत लिंकवर भरावी. निरंक असल्यास निरंक कळवावे. विलंबास मुख्याध्यापक जबाबदार राहतील.' घड्याळात साडेपाच वाजलेले. मेसेज आलाच साडेपाचला! पाच वाजता संपणाऱ्या कामाचा हुकूम साडेपाचला निघतो आणि विलंबाला जबाबदार आम्ही. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्यानं एक शिवी दिली. कांदा काढणारी एक बाई वळून बघायला लागली. तिला काय सांगणार?

हे सगळं आजचं नाही. पाच वर्षांपूर्वी असल्याच कांद्याच्या दिवसांत माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती मी कुठल्या लिंकवर भरली नाही. म्हणून इथं लिहिते.

तेव्हा मी शिरूर तालुक्यात होते, तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका वस्तीवर. दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. तिसरी-चौथी माझ्याकडं. पहिली-दुसरी आणि मुख्याध्यापकाचा पदभार दत्ता सरांकडं. सर माणूस सरळ, पण कागद दिसला की त्यांना घाम फुटायचा. शाळेच्या एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला कांदा. उन्हाळ्यात पत्रा असा तापायचा की दुपारी मी पोरांना बाहेर लिंबाखाली घेऊन बसायची. लिंबाचा मोहर पुस्तकांवर पडायचा आणि पोरं पान न उलटता आधी तो फुंकत बसायची. मला त्याची घाई नव्हती. कशाचीच नव्हती. तीच तर माझी शिकवायची तऱ्हा होती.

ती तऱ्हा माझ्या बाबांची. बाबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचायचे. एक वाक्य वाचायचे, चष्मा काढायचे, मंडळीकडं बघायचे, मग पुढचं वाक्य. मागच्या बाकावर आम्ही पोरं खुसखुसायचो. एकदा पाळक साहेबांनी त्यांना हळूच सांगितलं, "जरा भरभर वाचा, उपासना लांबते." बाबा म्हणाले, "वाचलेलं आत जायला वेळ लागतो, साहेब. मी तेवढा वेळ देतो, इतकंच." आणि पुढच्या रविवारी होते तसेच वाचले.

मी वर्गात तेच केलं. एक वाक्य वाचायचं आणि थांबायचं. डोळे मिटायचे. काय दिसलं ते सांगायचं. 'पावसात भिजून चिमणी घरट्यात परतली' एवढं एक वाक्य आमचं अर्धा तास चालायचं. कुणाला चिमणी लिंबावर दिसायची, कुणाला विजेच्या खांबावर. भांडणं व्हायची. आणि मग अक्षदा बोलायची.

अक्षदा तिसरीत होती. शेजारच्या मळ्यातली. वडील सणसवाडीला कंपनीत, शिफ्टला जायचे. घरी आई आणि आजोबा, ज्यांना सगळी वस्ती आप्पा म्हणायची. बारीक अंगाची, दोन घट्ट वेण्या, एक रिबीन कायम सुटलेली. ती वाचायची सावकाश, पण वाक्य संपलं की असं काही विचारायची की मीच पुस्तक खाली ठेवायची.

"बाई, चिमणी तर सोताच भिजली. मग पिल्लांना कोरडं कोन करनार?"

सांगा, ह्याला कुठल्या तक्त्यात जागा आहे? मग एकजण म्हणाला, चिमणी आधी बाहेर पंख झाडंल. दुसरा म्हणाला, तवर पिल्लं गारठत्यात. तो अर्धा तास माझ्या नोकरीतल्या चांगल्या अर्ध्या तासांपैकी एक आहे. मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, माझ्या वर्गात एक पोरगी आहे, ती पुस्तकात शिरते आणि आत जाऊन दारं-खिडक्या उघडून बघते.

मग अभियान आलं. नाव काहीतरी मोठं होतं. दर दोन वर्षांनी नाव बदलतं, फलक पुसून नवा रंगवावा लागतो, म्हणून नावात मी पडत नाही. मुद्दा असा की तिसरीच्या पोरानं मिनिटाला अमुक इतके शब्द वाचले पाहिजेत. वाचले तर पोर हिरवं, थोडं कमी पडलं तर पिवळं, फारच कमी पडलं तर लाल. एक जरी पोर लाल असलं तर शाळा लाल. आणि लाल शाळांची यादी दर शनिवारी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर.

हे आम्हाला केंद्रशाळेतल्या बैठकीत सांगितलं गेलं. आमच्या दहा-बारा शाळांवरचे साहेब, म्हणजे केंद्रप्रमुख, खुर्चीवर बसून वाचून दाखवत होते. मी हात वर केला. "साहेब, पोराला वाचलेलं कळलं का, ते कुठल्या रकान्यात भरायचं?"

साहेबांनी कागद वरखाली बघितला. "तो रकाना नाही, मॅडम."

"मग कुठं लिहू?"

"जे विचारलंय तेवढंच भरा ना. तुम्ही फार खोलात जाता."

सगळे हसले. मी बसले. अशा वेळी म्हणायची पद्धत आहे की साहेबांचा तरी काय दोष, त्यांनाही वरून येतं. मी नाही म्हणत तसं. त्यांचा दोष होता. ते स्वतः एकेकाळी शिक्षक होते आणि चांगले होते असं ऐकलंय. त्यांना कळत होतं. कळत असून उंटावरून शेळ्या हाकत होते आणि त्या शेळ्यांत मीही होते.

आमची शाळा पहिल्याच शनिवारी लाल आली. एका पोरीमुळं. दत्ता सरांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. "बाई, अहो माझी रिटायरमेंट पाच वर्षांवर आली. चौकशी लागली तर सगळं अडकून बसंल. तुमची ती अक्षदा तेवढी बघा ना."

"तिला वाचता येतं, सर."

"येतं हो! मला म्हायतीय येतं. पण मिनिटात येत न्हाई ना."

मिनिटात येत नाही. ह्या तीन शब्दांचा मला अजून राग येतो. पण तेव्हा मी काय केलं? तेव्हा मी दुसऱ्या दिवसापासून वर्गात मोबाईल आणला.

लिंबाखाली बसणं बंद झालं, कारण बाहेर पोरांचं लक्ष जातं. चिमणी, पिल्लं, पंख झाडणं सगळं बंद. उतारा एकच, जत्रेचा. 'मीना आईबरोबर जत्रेला गेली. जत्रेत तिने लाल फुगा घेतला. वारा आला आणि फुगा उडाला.' मी बटण दाबायची, पोर सुटायचं. पोरांना गंमत वाटायला लागली. शर्यतच ती. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं तुडवत धावायची. दहा दिवसांत सगळा वर्ग हिरवा झाला. मी थांबायला शिकवलेली पोरं दहा दिवसांत पळायला लागली. मोडायला वेळ कुठं लागतो कशाला?

एक अक्षदा तेवढी राहिली. जत्रेपर्यंत बरी जायची. फुगा उडाला की थांबायची.

"बाई, तिनं हात सोडला का दोरा तुटला?"

"अक्षदा, पुढं वाच. वेळ चाललाय."

"पन हात सोडला आसंल तर तिला वाईट वाटंल ना जास्त. दोरा तुटला तर न्हाई येवढं."

माझ्या हातात मोबाईल होता आणि आकडे पळत होते. आधीच्या महिन्यात हे ऐकून मी तिला जवळ घेतलं असतं. त्या दिवशी मी ओरडले. "फुग्याचं तुला काय करायचंय? नीट वाच आधी!" तिनं मान खाली घातली, पुढचं वाक्य वाचलं आणि सवयीनं तिथंही थांबली. तिला थांबल्याशिवाय वाचताच येत नव्हतं. मीच तर शिकवलं होतं तसं.

आता कुणी म्हणेल, बाई, शिक्षकांना जाब विचारूच नये का? विचारा की! माझ्या लहानपणी आमच्या गावात एक मास्तर होते. आठवड्यातून दोनदा उगवायचे, आले की खुर्चीत पाय सोडून झोपायचे आणि पोरं त्यांच्या म्हशीला वैरण घालायची. कुणी एक शब्द विचारला नाही त्यांना. माझ्या बरोबरच्या कितीतरी पोरी त्या खुर्चीपायी अडाणी राहिल्या. त्यांना कुणी जाब विचारला असता तर मी पेढे वाटले असते. पण जाब विचारायचा म्हणजे वर्गात येऊन बसायचं असतं. आमचे आप्पा यायचे. बैल पाण्यावर नेताना शाळेच्या खिडकीशी थांबायचे, गज धरून आत बघायचे आणि विचारायचे, "काय बाई, काय म्हनतीया आमची पोरगी? नुसतं वाचती का काय उमगतं बी?" बघा, आप्पांची सही म्हणजे अंगठा, पण प्रश्न बरोबर विचारायचे. आणि शिकलेल्या साहेबांना तो रकानाच सुचला नाही. कागदी घोडे नाचवायचे, वर पाठवायचे, वरच्यांनी आणखी वर. शेवटी सगळ्यांत वर जो कुणी बसला असेल त्याला आपलं राज्य हिरवंगार दिसत असेल. इथं खाली विहिरी आटलेल्या.

मग पडताळणीची तारीख आली. बाहेरून माणूस येणार, पोरांना एकेक करून समोर बसवणार, मोबाईल लावणार. आदल्या दिवशी दत्ता सर सकाळपासून काही खाल्लेले नव्हते. दुपारी माझ्या वर्गाच्या दारात आले, आत बघितलं, अक्षदाकडं बघितलं आणि काही न बोलता परत गेले. बोलले असते तर मी भांडले असते. ते बोललेच नाहीत.

मी ठरवलं. हे मी ठरवलं, सरांनी नाही आणि साहेबांनीही नाही. कांद्याचे दिवस होते. रोज पाच-सहा पोरं काढणीला घरी असायचीच. त्यांत एक आणखी घरी राहिली तर कुणाच्या लक्षात येणार होतं? जे पोर हजर नाही त्याची चाचणी नाही. गैरहजर पोराला रंग नाही.

शाळा सुटली. पोरं गेली. अक्षदा पाण्याची बाटली भरत होती. मी तिला हाक मारली.

"अक्षदा, उद्या येऊ नको."

तिला कळलं नाही. वर्षभरात ती एकदाही चुकली नव्हती. ताप असला तरी यायची, आई घेऊन जायला यायची तर लपून बसायची. "सुट्टी हाय का बाई?"

"नाही. आईला मदत कर. कांदा चाललाय ना तुमचा?"

"आई म्हनली न्हाई काय. आई म्हनती साळंत जा."

"मी सांगते ना," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, कारण मला लाज वाटत होती. लाज वाटली की माझा आवाज चढतो. "येऊ नको म्हटलं की येऊ नको."

तिनं बाटलीचं झाकण लावलं, मान हलवली आणि गेली. बांधावरून जाताना एकदा मागं वळून बघितलं तिनं. मी वळून वर्गात गेले.

पडताळणी छान झाली. पोरं घोड्यासारखी सुटली. आलेला माणूस खूश, दत्ता सर खूश. सरांनी त्याला चहाबरोबर भजी खायला घातली आणि दोन घास स्वतःही खाल्ले. फलकासमोर फोटो झाला, त्यावर जागा, तारीख, वेळ सगळं उमटलेलं. शनिवारी आमची शाळा हिरव्या यादीत आली आणि ग्रुपवर अभिनंदनाच्या अंगठ्यांचा पाऊस पडला. मीही दत्ता सरांना अंगठा पाठवला.

पुढचे दिवस माहिती भरण्यात गेले. पोषण आहाराची, गणवेशाची, पोरांच्या उंची-वजनाची, ह्याची, त्याची. वर्गात पोरं फळ्यावरचं उतरवून घ्यायची आणि मी मोबाईलमध्ये डोकं घालून बसायची. अक्षदा आली नव्हती. मला दिसत होतं आली नाही ते. कांदा असेल, म्हटलं. येईल. नऊ दिवस असे गेले. खरं सांगू? ती समोर नव्हती ते मला बरं वाटत होतं. तिच्या डोळ्यांत बघायला लागत नव्हतं.

दहाव्या दिवशी आप्पा आले. आमच्याकडं रीत होती, नवा कांदा घरात आला की पहिला वाटा शाळेतल्या बाईंना. आप्पांनी पिशवीभर कांदा आणला होता, एकसारखा निवडलेला, पात काढून पुसलेला. पिशवी टेबलाशी ठेवली आणि टोपी काढून हातात घेतली. आप्पांना मी कधी बोडक्या डोक्यानं बघितलं नव्हतं.

"बाई, येक इचारू का? रागावू नका. पोरीचं काय चुकलं?"

"काय झालं आप्पा?"

"तुमीच म्हनलासा ना, येऊ नको. मग पोर कशी येईल? रोज सकाळी आंघोळ करती, वेण्या घालती, दप्तर भरती आन् उंबऱ्यात बसून ऱ्हाती. मला इचारती, आप्पा, बाईंचा निरोप आला का? मी म्हनलं, काय चुकलं आसंल तर पाया पडू बाईंच्या. पन साळा बंद करू नका तिची."

मी एकच दिवस म्हटलं होतं. पण कधी ये, ते सांगितलंच नव्हतं. आणि आमच्या वस्तीवर बाईंचा शब्द म्हणजे शब्द. बाईंनी नको म्हटलं तर नको, बाई बोलावतील तेव्हा जायचं. ह्या लोकांनी माझा शब्द इतका मानला आणि मी तो कशासाठी वापरला! "उद्या पाठवा आप्पा," एवढंच म्हणाले. त्यांनी टोपी घातली आणि, ऐका, माझे आभार मानून गेले.

दुसऱ्या दिवशी अक्षदा आली. दोन्ही रिबिनी नीट बांधलेल्या. हजेरी झाल्यावर न सांगता उठली, पुस्तक घेतलं आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, "बाई, मोबाईल लावा."

"राहू दे ग आता."

"न्हाई. लावा."

मी लावला. आणि तिनं जो श्वास घेतला तो उतारा संपल्यावरच सोडला. मीना, जत्रा, फुगा, वारा, सगळं एका दमात. कुठंही अडली नाही. मिनिट व्हायला अजून वेळ होता. घरी बसून तिनं रोज हेच केलं होतं. वडील शिफ्टवरून आले की त्यांचा मोबाईल घ्यायचा आणि घड्याळ लावायचं.

आणि मी काय केलं? मी टाळ्या वाजवल्या. मोठ्यानं "शाब्बास!" म्हणाले. पोरांनीही वाजवल्या. फुग्याचा दोरा तुटला की मीनानं हात सोडला, ते मी विचारलं नाही. मधल्या सुट्टीत तिच्या नावापुढं हिरवा रंग भरला. मला सुटल्यासारखं वाटलं. देवाची शपथ घ्यायची आमच्यात पद्धत नाही, पण खरं सांगते, त्या दिवशी मला आनंद झाला होता. त्या आनंदाचा मला जितका राग येतो तितका साहेबांचाही येत नाही.

चौथीत ती सगळ्यांत वेगानं वाचायची. तालुक्याला तिला प्रमाणपत्र मिळालं. मी कधीतरी म्हणायची, "अक्षदा, थांब, काय दिसलं सांग." ती माझ्याकडं बघून हसायची आणि पुढं वाचायची. मग माझी बदली झाली, भीमा ओलांडून इकडं दौंडला आले. नवी शाळा, नवी पोरं, तेच मोबाईल. इथं मी लिंबाखाली बसते पुन्हा. दोनदा नोटीस मिळाली, दोन्हींना उत्तर दिलं. उत्तरात कोंबून कोंबून भरलं सगळं, पण ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. वाचलं असेल तर मिनिटात वाचलं असेल.

गेल्या आठवड्यात दत्ता सरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता, म्हणून तळेगावला गेले होते. शाल-श्रीफळ झालं, जेवणं झाली, आणि माझे पाय आपोआप वस्तीकडं वळले. आप्पांच्या घरापुढं शेडमध्ये कांद्याचा मोठा ढीग. धूळ अशी उडत होती की समोरचं दिसेना. त्यात आप्पा बसलेले, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात विळा, खाली वाकून पात कापत होते. शेजारी अक्षदा. आठवीत आहे आता. उंच झाली आहे.

"या या बाई!" आप्पा उठायला लागले. गॉगलच्या खालून पाणी ओघळत होतं. "डोळ्याचं आप्रेशन झालं शिबिरात. चार दीस झालं. पन लई टोचतंय बगा."

"आप्पा! आणि तुम्ही धुळीत बसलाय? डॉक्टरांनी काही सांगितलं नाही?"

"सांगितलं ना. कागद दिलाय. आमच्या पोरीनं पयल्याच दिशी वाचून दाखीवला सगळा. वाच गं, बाईंना बी ऐकू दी, कसं वाचती."

अक्षदानं घरातून कागद आणला, ताठ उभी राहिली आणि सुटली. "शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यात पाणी धूळ धूर जाणार नाही याची काळजी घ्यावी खाली वाकून काम करू नये जड वस्तू उचलू नये डोळा चोळू नये लाली अथवा वेदना वाढल्यास तात्काळ दवाखान्यात यावे." एकही शब्द चुकला नाही. आप्पांचा चेहरा अभिमानानं फुललेला.

"अक्षदा, अग मग हे कांद्यात कसे बसलेत?"

तिनं पुन्हा कागदाकडं बघितलं, वरून खालपर्यंत. "कांद्याचं कायच लिव्हलं न्हाई बाई ह्यात."

मी आप्पांच्या हातातला विळा ओढून घेतला. त्यांना धरून उठवलं, घरात आणलं, गॉगल काढायला लावला. डोळा लालभडक झाला होता. तिच्या वडिलांना फोन लावला, म्हटलं, गाडी घेऊन या, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचंय. आप्पा बिचारे पोरीचीच बाजू घेत होते. "तिला नका बोलू बाई. लहान हाय."

"तिला बोलतच नाही आप्पा. तिची चूकच नाही. तिला वाचलेलं समजत होतं. आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त समजत होतं. ते मी घालवलं. सरकारला शब्द मोजून पाहिजे होते, म्हणून मी तुमची पोर घरी बसवली होती."

"आसूंद्या बाई. सरकारचंच तसं आसतंय. तुमी तरी काय करनार?"

"सरकार कुठं आलं होतं आप्पा तुमच्या बांधावर? येऊ नको म्हणून मी सांगितलं होतं तिला. माझ्या ह्या तोंडानं."

मला रडू आलं. रागानं आलं. अक्षदा घाबरली. तिला वाटलं, बाई अजून त्याच गोष्टीवर नाराज आहेत. जवळ येऊन तिनं माझा हात धरला आणि माझी समजूत काढायला लागली.

"पन बाई, त्याच्यानंतर मी कवाच थांबले न्हाई. आत्ता बी न्हाई थांबले. बगितलं ना तुमी?"